पस्तिसाव्या वर्षी पहिला फटका : वॉल्टर ट्रॅव्हिस

या अंकात ओळख करून घ्यायची आहे ती एका गोल्फपटूची. गोल्फ हा काही आपल्या गल्लीतला खेळ नाही. बरकतपुऱ्यात दोन मुले आणि एक बॅट एकत्र आली की क्रिकेट सुरू होते. गोल्फच्या वाटेला सहसा कोणी जात नाही. तरी आपल्या शहरात तो आहे. गोवळकोंड्याला लागून असलेल्या नया किल्ल्यात प्रचंड घेराचे एक जुने गोरखचिंचेचे झाड आहे, ज्याला इथले लोक हत्तियान का झाड म्हणतात. ते पाहायला गेलेल्यांनी आजूबाजूची कातरलेली हिरवळ पाहिली असेल आणि तिच्यावर हातात लांब काठी घेऊन, मान खाली घालून, एका पांढऱ्या चेंडूकडे टक लावून उभी असलेली मोठी माणसेही पाहिली असतील. मोठी माणसे, हे मुद्दाम सांगितले. हा खेळ पुष्कळांच्या आयुष्यात उशिराच येतो. नोकरी लागल्यावर, संसार स्थिरावल्यावर. आणि उशिरा आलेला खेळ म्हणजे वेळ घालवण्याचे साधन, असे आपण धरून चालतो. वॉल्टर ट्रॅव्हिस यांनी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी पहिल्यांदा गोल्फची काठी हातात घेतली आणि चार वर्षांत ते अमेरिकेचे विजेते झाले. ते कसे, याची ही हकीकत आहे.

वॉल्टर जे. ट्रॅव्हिस यांचा जन्म १० जानेवारी १८६२ रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात मॉल्डन या गावी झाला. मॉल्डन हे सोन्याच्या खाणींचे गाव. तिथे जी माणसे आली ती जमिनीखालचे सोने शोधायला आली. हिरवळ राखून तिच्यावर चेंडू मारत बसण्याची चैन त्यांना कुठली? घरात भावंडे पुष्कळ. वॉल्टर लहान वयातच कामाला लागले आणि पुढे मेलबर्नमध्ये लोखंडी सामानाचा व्यापार करणाऱ्या मॅक्लीन ब्रदर्स अँड रिग या पेढीत नोकरीला राहिले. १८८६ साली पेढीने त्यांना आपला प्रतिनिधी म्हणून न्यूयॉर्कला पाठवले. तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. कामानिमित्त परमुलखात जायचे, तिथेच रुजायचे, आणि मूळ गाव आठवणीत ठेवायचे, ही गोष्ट हैदराबादेत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी घरांना समजावून सांगावी लागणार नाही. १८९० मध्ये त्यांनी कनेटिकट राज्यातील मिडलटाऊनच्या अ‍ॅन बेंट यांच्याशी लग्न केले आणि त्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिकही झाले.

ट्रॅव्हिस लहान चणीचे होते. दाढी राखलेली, चेहरा गंभीर, बोलणे मोजके आणि तोंडात बहुधा काळी सिगार. (ही शेवटची सवय घेण्यासारखी नाही.) टेनिस, सायकल, बिलियर्ड्‌स असे खेळ ते खेळत. गोल्फविषयी मात्र त्यांचे मत चांगले नव्हते. उभ्या चेंडूला मारायचे आणि मग त्याच्या मागे चालत जायचे, यात पुरुषार्थ तो काय, अशा तऱ्हेचा त्यांचा समज होता. आपल्याकडेही हे मत पुष्कळांचे आहे, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. अमेरिकेत हा खेळ तेव्हा नुकताच आला होता. त्यांची राष्ट्रीय संघटना १८९४ च्या डिसेंबरात स्थापन झाली आणि पहिली राष्ट्रीय हौशी स्पर्धा झाली ती १८९५ मध्ये. आपल्या कोलकात्यात तर १८२९ पासून गोल्फचा क्लब होता, म्हणजे या बाबतीत आपण अमेरिकेपेक्षा साठ-पासष्ट वर्षे पुढे होतो.

कामासाठी इंग्लंडला गेले असताना ट्रॅव्हिस यांच्या कानावर आले की न्यूयॉर्कमधले त्यांचे मित्र गोल्फचा क्लब काढण्याच्या विचारात आहेत. आपण मागे पडायला नको एवढ्याच विचाराने त्यांनी इंग्लंडहून काठ्यांचा एक संच विकत घेतला. गोल्फच्या काठीलाही इंग्रजीत क्लबच म्हणतात; घोटाळा नको म्हणून इथे आपण काठी हाच शब्द ठेवू. १८९६ च्या ऑक्टोबर महिन्यात न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर, बेसाइड येथील ओकलंड क्लबच्या मैदानावर त्यांनी पहिला फटका मारला. महिन्याभरात त्याच क्लबच्या एका हँडिकॅप स्पर्धेत, म्हणजे कच्च्या खेळाडूला काही फटक्यांची सवलत मिळते अशा स्पर्धेत, ते पहिले आले.

इथे थोडे थांबून गोल्फचा फटका म्हणजे काय ते पाहायला हवे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

क्रिकेटमध्ये चेंडू आपल्याकडे येतो. तो कसा येईल हे माहीत नसते; म्हणून फलंदाज चुकला तर त्याच्याजवळ सांगायला कारण असते. गोल्फमध्ये चेंडू पायाशी निपचित पडलेला असतो. वाऱ्याला, उताराला बोल लावता येतो, पण फटका फसला तर तो आपणच फसवलेला असतो. काठी मागे वर नेऊन खाली आणायची आणि चेंडूमधून पुढे सोडून द्यायची, या सगळ्या हालचालीला स्विंग म्हणतात. (गोलंदाजाच्या स्विंगशी याचा संबंध नाही.) नवखा माणूस समजतो की हा हातांचा जोर आहे. प्रत्यक्षात खांदे वळतात, कंबर वळते, वजन मागच्या पायावरून पुढच्या पायावर जाते, मनगटे शेवटी सुटतात, आणि हात त्या सगळ्यांच्या मागोमाग येतात. काठीचे टोक एका मोठ्या वर्तुळात फिरते आणि त्या वर्तुळाच्या वाटेत चेंडू येतो. तो वाटेत आला पाहिजे. त्याला शोधून हाणायला गेलो की वर्तुळ मोडते.

मोठेपणी शिकणाऱ्याच्या चुका बहुतेक ठरलेल्या असतात. पहिली, काठी घट्ट आवळणे. दुसरी, चेंडू कुठे गेला हे पाहण्याच्या घाईने डोके आधीच वर करणे. तिसरी आपल्याकडच्या क्रिकेट खेळलेल्या मंडळींची खास. बॅट सरळ रेषेत आणायची आणि खालच्या हाताने ढकलायची ही सवय अंगात मुरलेली असते. तीच गोल्फमध्ये आणली की काठी चेंडूवरून आडवी कापत जाते, तिचा चेहरा उघडा राहतो, आणि उजव्या हाताच्या माणसाचा चेंडू सरळ निघून मग उजवीकडे वळत झाडीत जातो. याला स्लाइस म्हणतात. मुलाला हे शिकवावे लागत नाही. ते चांगल्या खेळाडूकडे पाहते आणि त्याच्यासारखे करते. पाहून उचलण्याची ही ताकद मोठ्या माणसात कमी झालेली असते, आणि त्याच्या अंगात आधीच दहा वेगळ्या सवयी बसलेल्या असतात. त्याच्याजवळ एकच गोष्ट जास्त असते. कारण समजून घेण्याची बुद्धी. ट्रॅव्हिस यांनी तिच्यावरच सगळी मदार ठेवली.

त्यांना कोणी गुरू नव्हता. स्कॉटलंडहून आलेले व्यावसायिक खेळाडू अमेरिकेत शिकवीत असत, पण ट्रॅव्हिस यांनी पुस्तकांची वाट धरली. इंग्लंडचे जुने विजेते होरेस हचिन्सन आणि स्कॉटलंडचे विली पार्क यांची गोल्फवरची पुस्तके त्यांनी बारकाईने वाचली. वाचायचे, मैदानावर जाऊन करून पाहायचे, कुठे चुकते ते टिपायचे, पुन्हा वाचायचे. लोखंडी सामानाच्या व्यापारातला माणूस जसा वजन-माप पाहून मालाची खात्री करतो, तसे त्यांनी आपल्या प्रत्येक काठीचे माप काढले. ही काठी किती अंतर देते, ही किती, वारा समोरून असला तर किती कमी होते.

त्यांच्या हे लवकर लक्षात आले की लांब फटका आपल्या नशिबी नाही. अंगकाठी लहान, वय चौतिशीच्या पुढे, आणि स्पर्धेला उभी असलेली पोरे विशीतली. पहिल्या फटक्यात ती त्यांच्या कितीतरी पुढे जात. हे अंतर भरून काढण्यासाठी ताकद लावली असती तर ट्रॅव्हिस क्लबातल्या हजार हौशी खेळाडूंपैकी एक राहिले असते. त्यांनी लांबीचा नाद सोडला आणि दोन गोष्टी धरल्या. पहिली म्हणजे चेंडू सरळ गेला पाहिजे, मागे राहिला तरी चालेल. दुसरी म्हणजे शेवटचा भाग, भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवरचे हलके फटके, ज्यांना पट म्हणतात. गोल्फचे भोक सव्वाचार इंच व्यासाचे, म्हणजे १०८ मिलिमीटर असते. अडीचशे यार्डांचा फटका आणि दोन फुटांचा पट, दोन्हींची किंमत मोजताना सारखीच, एक. तरुणांना हे हिशेबात कळते, पण पटत नाही. ट्रॅव्हिस यांना ते पटले होते.

त्यांचा स्विंग पाहायला सुंदर नव्हता, असे त्यांना पाहिलेले लोक सांगत. पण तो प्रत्येक वेळी तोच असे. परीक्षेच्या भाषेत सांगायचे तर सुंदर अक्षराचे दोन गुण त्यांनी सोडून दिले आणि उत्तर चुकू दिले नाही.

काठी हाती घेतल्याला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती, तोच १८९८ च्या राष्ट्रीय हौशी स्पर्धेत ते उपान्त्य फेरीपर्यंत पोहोचले. तिथे त्यांची गाठ फिंडले डग्लस यांच्याशी पडली. डग्लस हे स्कॉटलंडचे, सेंट अँड्र्यूजचे. गोल्फ त्यांनी चालायला शिकता शिकता उचललेला, आणि फटका विलक्षण लांब. ट्रॅव्हिस मोठ्या फरकाने हरले आणि डग्लस त्या वर्षीचे विजेते झाले. पुढच्या वर्षी पुन्हा उपान्त्य फेरी, पुन्हा डग्लस, पुन्हा हार. पण या वेळी थोडक्यात. १९०० मध्ये स्पर्धा लाँग आयलंडवरच्या गार्डन सिटी या ट्रॅव्हिस यांच्या नेहमीच्या मैदानावर झाली. अंतिम सामन्यात समोर तेच डग्लस. पहिल्या फटक्याला डग्लस पुढे जात आणि भोकापाशी पोहोचेपर्यंत ट्रॅव्हिस हिशेब चुकता करत. शेवटी दोन भोकांच्या आघाडीने ट्रॅव्हिस जिंकले. वय अडतीस. गोल्फचा अनुभव, पुरती चार वर्षेही नाही.

हौशी या शब्दावरून एक सांगावेसे वाटते. आपल्याकडे हौशी म्हटले की जरा कमअस्सल, जमेल तसे, असा अर्थ घेतला जातो. आपल्या समाजात नोकरी सांभाळून रात्री तालमी करणाऱ्या नाटकवाल्यांना विचारा, ते या अर्थाला मान्यता देणार नाहीत. त्या काळच्या गोल्फमध्येही हौशी म्हणजे केवळ पैशासाठी न खेळणारा. दर्जाशी त्याचा संबंध नव्हता. १९०२ च्या अमेरिकन खुल्या स्पर्धेत, जिथे व्यावसायिकही असतात, ट्रॅव्हिस संयुक्तपणे दुसरे आले.

१९०१ मध्ये त्यांनी राष्ट्रीय विजेतेपद राखले. या वेळी त्यांच्याजवळ नवा चेंडू होता. तोवर गोल्फचा चेंडू गट्टापर्चाचा, म्हणजे मलायाकडच्या झाडांचा चीक घट्ट करून बनवलेला असे. तो दगडासारखा कडक आणि फटका थोडा चुकला तर मनगटापर्यंत झिणझिण्या आणणारा. कोबर्न हॅस्केल या अमेरिकन गृहस्थांनी रबराच्या गाभ्याभोवती रबरी धागा ताणून गुंडाळलेला चेंडू तयार केला होता. तो जास्त उसळे आणि जास्त लांब जाई. पुष्कळ चांगल्या खेळाडूंनी त्याला नाके मुरडली, कारण हिरवळीवर तो आवरत नसे. ट्रॅव्हिस यांनी तो घेतला, त्याच्याशी मैत्री केली आणि जिंकले. लहान फटक्याच्या माणसाला लांबी फुकट मिळत असेल तर त्याने ती का सोडावी? त्याच वर्षी त्यांनी गोल्फ शिकणाऱ्यांसाठी पुस्तकही लिहिले. पाच वर्षांपूर्वी ज्याला या खेळात अर्थ दिसत नव्हता, तो आता इतरांना तो समजावून देत होता. १९०३ मध्ये तिसऱ्यांदा ते राष्ट्रीय विजेते झाले.

आता येते ते १९०४ साल. ब्रिटनची हौशी स्पर्धा म्हणजे या खेळाचे माहेर. ती १८८५ पासून चालू होती आणि समुद्रापलीकडच्या कोणीही ती जिंकलेली नव्हती. ट्रॅव्हिस बेचाळीस वर्षांचे होते. इंग्लंडच्या किनाऱ्यावर सँडविच येथील रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर स्पर्धा होती. स्पर्धेआधीच्या सरावात त्यांचा खेळ पार बिघडला. ज्याच्यावर सगळी भिस्त, तो पटच पडेना. अखेर सोबतच्या एका अमेरिकन मित्राने आपली नवी काठी त्यांना वापरून पाहायला दिली. तिचे टोक अ‍ॅल्युमिनियमचे, चपटे आणि रुंद, आणि दांडा टोकाच्या कडेला न बसवता जवळजवळ मध्यावर बसवलेला. न्यूयॉर्क राज्यातील स्केनेक्टडी या गावच्या आर्थर नाइट यांनी ती बनवली होती. हे गृहस्थ जनरल इलेक्ट्रिक कंपनीत होते. गावाच्या नावावरून काठीलाही स्केनेक्टडी म्हणत. ती हातात आली आणि ट्रॅव्हिस यांचे पट पुन्हा पडू लागले.

तिथे त्यांचे स्वागत थंड झाले. काठ्या वाहणारा जो मुलगा त्यांना दिला गेला तो कामाचा नव्हता, आणि बदलून मागितला तरी मिळाला नाही. पहिला सामना पावसात भिजत झाला आणि कपडे बदलायला वेळ न देता दुसऱ्या सामन्याला उभे केले गेले. ट्रॅव्हिस यांनी या तक्रारी नंतर लिहून ठेवल्या. इंग्रजांची बाजूही होती. त्यांना हा पाहुणा घुम्या आणि तुसडा वाटला. दोन्ही बाजूंना थोडेथोडे खरे असावे. ट्रॅव्हिस गोड बोलणाऱ्यांपैकी नव्हते, आणि यजमान एखाद्या परक्याला खेळाचे माहेर जिंकून नेऊ द्यायला उत्सुक नव्हते.

पण खेळात बोलण्याची गरज पडत नाही. जेम्स रॉब गेले. मग हॅरल्ड हिल्टन गेले. हे दोनदा ब्रिटिश खुली स्पर्धा आणि दोनदा हीच हौशी स्पर्धा जिंकलेले. उपान्त्य फेरीत समोर आले होरेस हचिन्सन. नाव ओळखीचे वाटले ना? ज्यांचे पुस्तक उघडून ट्रॅव्हिस आठ वर्षांपूर्वी काठी कशी धरायची ते पाहत होते, तेच हे. पुस्तकातून शिकलेल्या शिष्याने पुस्तक लिहिणाऱ्याला हरवले. ज्याला आपण शिकवले हे ठाऊकही नाही, अशा शिष्याकडून हरण्याचा योग फार थोड्या लेखकांच्या वाट्याला येत असेल!

अंतिम सामन्यात एडवर्ड ब्लॅकवेल. त्यांच्यासारखा लांब फटका त्या काळात क्वचितच कोणाचा असेल. १८९२ मध्ये सेंट अँड्र्यूजच्या शेवटच्या भोकासाठी मारलेला त्यांचा एक फटका थेट क्लबच्या इमारतीच्या पायऱ्यांपर्यंत गेला होता, आणि तोही गट्टापर्चाच्या कडक चेंडूने. ३ जून १९०४ रोजी छत्तीस भोकांचा सामना झाला. प्रत्येक भोकाला दृश्य एकच. ब्लॅकवेल यांचा चेंडू कितीतरी पुढे, ट्रॅव्हिस यांचा मागे. मग ट्रॅव्हिस आपल्या लांब लाकडी काठीने दुसरा फटका सरळ हिरवळीजवळ टाकायचे आणि मध्यावर दांडा असलेली ती विचित्र काठी काढून पट भोकात घालायचे. तीन भोके शिल्लक असताना त्यांची आघाडी चारची झाली, म्हणजे सामना संपला. प्रेक्षकांत जवळजवळ शांतता होती. बक्षीस देणाऱ्या लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी लांबलचक भाषण केले, त्यात रोमन काळापर्यंतचा इतिहास आणला, आणि अशी आपत्ती पुन्हा न येवो अशा अर्थाची आशाही व्यक्त केली. पाहुण्याच्या हातात करंडक देताना हे बोलणे शोभले नाही, असे आपल्याला वाटते. यानंतर अमेरिकन खेळाडूला ही स्पर्धा जिंकायला १९२६ साल उजाडावे लागले.

सहा वर्षांनी, १९१० मध्ये, ब्रिटनच्या नियम करणाऱ्या संस्थेने त्या तऱ्हेच्या काठीवर बंदी घातली. अमेरिकेने घातली नाही. म्हणजे समुद्राच्या एका काठाला जी काठी कायदेशीर ती दुसऱ्या काठाला बेकायदा. १९५१ मध्ये दोन्ही देशांनी नियम जुळवून घेतले तेव्हा ही बंदी उठली. ट्रॅव्हिस यांना ही गोष्ट फार लागली. बंदीमागे आपला विजय आहे असे त्यांना वाटत राहिले, आणि सँडविचची अढी त्यांच्या मनातून गेली नाही. चिकाटीच्या माणसाचे हे दुसरे अंग. जी चिकाटी रोज तोच फटका मारत राहते, तीच कधीकधी तोच राग धरून ठेवते. मोठ्या माणसाचे चरित्र सांगताना हे वगळणे बरोबर नाही.

१९०८ मध्ये त्यांनी अमेरिकन गोल्फर नावाचे मासिक काढले आणि बरीच वर्षे संपादन केले. मैदाने आखण्याचे कामही ते करीत. व्हरमाँट राज्यातील मँचेस्टर येथील एक्वानॉक हे मैदान १८९९ मध्ये तयार झाले, त्याच्या आखणीत ते होते. आपल्या गार्डन सिटीच्या मैदानावरचे वाळूचे खड्डे, म्हणजे बंकर, त्यांनी अधिक खोल आणि अवघड करून घेतले. सरळ मारणाऱ्याला बक्षीस आणि वाकडे मारणाऱ्याला शिक्षा, हे त्यांचे धोरण. पुढे झाले असे, की १९०८ ची राष्ट्रीय स्पर्धा तिथेच भरली. उपान्त्य सामन्यात अगदी शेवटच्या भोकापाशी त्यांचा चेंडू अशाच एका खड्ड्यात पडला, निघता निघेना, आणि सामना गेला. पाहणाऱ्यांपैकी काहींना मनातून बरे वाटले असेल.

एव्हाना लोक त्यांना म्हातारबुवा म्हणू लागले होते. गोल्फच्या जगात म्हातारा हे त्यांचे टोपणनावच पडले. नवी पिढी आली होती. तिच्यातले जेरोम ट्रॅव्हर्स चार वेळा राष्ट्रीय हौशी विजेते झाले आणि त्यांनी ट्रॅव्हिस यांना महत्त्वाच्या सामन्यांत हरवले; १९१४ मध्ये तर एक्वानॉकवरच, उपान्त्य फेरीत. पण १९१५ साली, न्यूयॉर्क परिसराच्या मेट्रोपॉलिटन हौशी स्पर्धेत, त्रेपन्न वर्षांच्या ट्रॅव्हिस यांनी त्याच ट्रॅव्हर्स यांना उपान्त्य फेरीत गाठले आणि हरवले. अंतिम सामन्यात जॉन अँडरसन समोर होते. सामना शेवटच्या भोकापर्यंत गेला. ट्रॅव्हिस यांचा चेंडू भोकापासून सुमारे तीस फुटांवर होता. त्यांनी नेहमीच्या शांतपणे पट मारला आणि तो आत गेला. ही स्पर्धा त्यांनी याआधी तीनदा जिंकली होती, ही चौथी. मोठ्या स्पर्धांतला त्यांचा हा शेवटचा विजय.

शिकवण्याची एक गोष्ट राहिली. १९१६ मध्ये बॉबी जोन्स नावाचा चौदा वर्षांचा मुलगा पहिल्यांदा राष्ट्रीय स्पर्धेला आला. त्याचा स्विंग पाहून सगळे थक्क झाले. ट्रॅव्हिस यांनाही तो आवडला, पण मुलाला पट मारता येत नाही हे त्यांनी हेरले. दुसऱ्या दिवशी सकाळी शिकवतो म्हणून वेळ दिली. मुलाला यायला उशीर झाला आणि ट्रॅव्हिस निघून गेले! वेळ पाळण्याबाबत आपल्या शाळेतल्या जुन्या शिक्षकांची आठवण यावी असा प्रकार. मध्ये आठ वर्षे गेली. १९२४ मध्ये जॉर्जियातील ऑगस्टा येथे दोघे पुन्हा भेटले आणि या वेळी शिकवणी झाली. पाय जवळ घ्यायचे, हातांची पकड बदलायची, आणि दोन्ही मनगटे एकमेकांच्या विरुद्ध दिशेला राहतील अशी ठेवायची, म्हणजे काठी बिजागरीसारखी सरळ मागे-पुढे होते. त्याच वर्षी जोन्स पहिल्यांदा राष्ट्रीय हौशी विजेते झाले. १९३० मध्ये त्यांनी एका वर्षात ब्रिटन आणि अमेरिकेच्या चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, जे त्यांच्याआधी कोणालाच जमले नव्हते. ज्याला खेळ उपजत आला होता, त्याला न येणारा एक भाग शिकवला तो पस्तिसाव्या वर्षी सुरुवात केलेल्या माणसाने. उपजत आलेले सांगता येत नाही. शिकून आलेले सांगता येते.

तो १९३० चा पराक्रम पाहायला ट्रॅव्हिस राहिले नव्हते. शेवटची वर्षे आजारपणात आणि मैदाने आखण्यात गेली. प्रकृतीसाठी ते कोलोराडो राज्यातील डेन्व्हरला गेले होते. तिथेच ३१ जुलै १९२७ रोजी, वयाच्या पासष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना व्हरमाँटमधील मँचेस्टर गावात पुरण्यात आले. एक्वानॉकचे मैदान त्याच गावात आहे.